गोड्या पाण्याचा समुद्र : बायबलमधला ग्रीक शब्द 'थालास्सा'

इस्राएलमधला गालीलचा समुद्र नकाशावर शोधायला गेलात तर आधी जरा हिरमोड होतो. लांबी २१ किलोमीटर, रुंदी १३, खोली जास्तीत जास्त ४३ मीटरच्या आसपास. पाणी गोडं. उत्तरेकडून यार्देन (जॉर्डन) नदी आत येते, दक्षिणेकडून बाहेर पडते. भूगोलाचे मास्तर याला सरोवर म्हणतील आणि तेच बरोबर आहे. तरी येशूची हकिगत सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, मत्तय, मार्क आणि योहान या तिघांच्या पुस्तकांत या पाण्याला जो ग्रीक शब्द लावलाय तो आहे 'थालास्सा', म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राला जो शब्द, तोच या तळ्याला.

उरलेला शुभवर्तमानकार लूक मात्र हे करत नाही. तो या पाण्याला 'लिम्ने' म्हणतो. लिम्ने म्हणजे सरोवर. त्याच्या शुभवर्तमानात थालास्सा येतो तो खऱ्या समुद्रासाठीच: जात्याची तळी गळ्यात अडकवून माणसाला जिथे टाकावं तो (१७:२, म्हणजे अध्याय १७, ओळ २), तुतीच्या झाडाला उपटून जिथे रुजायला सांगावं तो (१७:६), ज्याच्या गर्जनेनं राष्ट्रं घाबरी होतील तो (२१:२५). मराठी बायबलमध्येही हा फरक उतरलाय. मत्तयात 'गालील समुद्र' वाचायला मिळतो आणि लूकमध्ये 'गनेसरेत सरोवर'. ज्याला कुणी सांगितलेलं नसतं त्याला या दोन वेगळ्या जागा वाटतात. पाणी एकच आहे.

लूकचं ग्रीक चारही शुभवर्तमानकारांत जास्त घोटीव. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस, जो रोमन-ग्रीक वाचकांसाठी लिहीत होता, तोही लिम्नेच म्हणतो. म्हणजे शिकलेल्या ग्रीक वाचकाच्या कानाला थालास्सा खटकणार हे उघड होतं, आणि तो खटकलाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्माचा कडवा टीकाकार पोर्फिरी याने यावरून शुभवर्तमानकारांना धारेवर धरलं, की एका तळ्याला समुद्र म्हणून हे लोक गोष्ट फुगवतात. चौथ्या शतकाच्या शेवटी बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोमने त्याला उत्तर दिलं. उत्तर सरळ होतं: शब्द ग्रीक असला तरी त्यामागचा कान हिब्रू आहे.

माझ्या मते या शब्दाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर हीच.

हिब्रूत समुद्राला 'याम' म्हणतात. पण याम म्हणजे फक्त खारा, अथांग समुद्र नव्हे. साठलेलं मोठं पाणी म्हणजे याम, मग ते गोड असो की खारट. ज्यू धर्मग्रंथांतल्या (बायबलचा जुना करार) 'गणना' या पुस्तकाच्या ३४:११ मध्ये हेच गालीलचं सरोवर 'याम किन्नेरेथ' या नावाने येतं. जेरोमने बोट ठेवलं ते 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकाच्या १:१० वर: देवाने पाण्याच्या संचयांना 'समुद्र' हे नाव दिलं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ज्यू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं, त्याला सेप्टुअजिंट म्हणतात. त्यात या ओळीत 'सिस्तेमाता' म्हणजे एकत्र जमलेले साठे असा शब्द आहे आणि त्या साठ्यांना 'थालास्सास' म्हटलंय, अनेकवचनात. आता गंमत बघा. आपला 'समुद्र' शब्द फोडून सांगताना सम् + उद अशी फोड देतात, म्हणजे पाणी जिथे एकत्र येतं ते. जेरोमला संस्कृत ठाऊक असतं तर पोर्फिरीला एका ओळीत गप्प केलं असतं. (आणि या 'उद'चं ग्रीकमधलं भावंड आहे 'हुदोर', पाणी. थालास्साचं मात्र असं भावंड सापडत नाही. ग्रीक लोक त्या किनाऱ्यांवर पोहोचण्याआधी जे लोक तिथे राहत होते त्यांच्याकडून हा शब्द उचलला असावा, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना वाटतं.)

आपणही फार वेगळे नाही. पैठणजवळ जायकवाडी धरणामागे अडवलेल्या गोदावरीच्या पाण्याला आपण 'नाथसागर' म्हणतो, कोयनेच्या जलाशयाला 'शिवसागर'. तिथे कुणी मीठ शोधत नाही.

सेप्टुअजिंटच्या भाषांतरकारांनी 'याम' दिसला की 'थालास्सा' लिहायचं असं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं, आणि त्यातून काही चमत्कारिक वाक्यं तयार झाली. शलमोनाच्या मंदिरात एक ओतीव पितळी हौद होता, १० हात व्यासाचा आणि ५ हात उंचीचा, बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेला. हिब्रूत त्याला याम म्हणतात. झालं, ग्रीकमध्येही 'थालास्सा बनवला' असंच आलं. दुसरी गंमत दिशांची. इस्राएलच्या पश्चिमेला समुद्र, म्हणून हिब्रूत याम म्हणजे पश्चिम दिशासुद्धा. रत्नागिरीच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पण उत्पत्ती १३:१४ मध्ये देव अब्रामाला सांगतो ते ग्रीकमध्ये असं झालं: उत्तरेकडे, दक्षिणेकडे, पूर्वेकडे आणि समुद्राकडे बघ. त्याहून मजेशीर निर्गम १०:१९. मिसरातली (इजिप्तमधली) टोळधाड हटवायला देव 'थालास्साकडून' जोराचा वारा पाठवतो आणि तो वारा टोळांना तांबड्या 'थालास्सात' नेऊन टाकतो. एकाच ओळीत शब्द दोनदा. पहिला म्हणजे पश्चिम, दुसरा म्हणजे समुद्र. आणि हे लिहिलं जात होतं अलेक्झांड्रियात, जिथे समुद्र उत्तरेला आहे!

या भाषांतरावर वाढलेल्या ज्यू माणसाने पुढे ग्रीकमध्ये येशूची हकिगत लिहिली, तर तो गालीलच्या पाण्याला काय म्हणणार? थालास्सा. त्याला त्यात फुगवाफुगवी वाटण्याचं कारणच नव्हतं.

आता व्याकरण. ग्रीक व्याकरणाचं नाव काढलं की लोक घाबरतात. पण शाळेत 'माला, मालाम्, मालया' घोकलेल्या मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा हे निम्म्या कष्टात जमतं. उच्चारापासूनच सुरुवात करा: जुन्या ग्रीकमधलं पहिलं अक्षर आपल्या 'थ'सारखंच होतं, हवा सोडून म्हटलेलं. इंग्रजीतला जीभ दातांत धरून काढायचा आवाज त्यात पुढे आला.

थालास्सा स्त्रीलिंगी आहे. हिब्रू याम पुल्लिंगी, आपला समुद्रही पुल्लिंगी, म्हणून भाषांतरात हे लिंग हरवतं आणि हरवलं तरी काही बिघडत नाही. शब्दाचं लिंग म्हणजे वस्तूचं स्त्रीत्व नव्हे. आपण खाडीला 'ती' आणि तळ्याला 'ते' म्हणतो म्हणून कुणी त्यावर तत्त्वज्ञान रचत नाही. इंटरनेटवर थालास्साच्या स्त्रीलिंगावरून गूढ अर्थ काढणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

नाम पहिल्या गणातलं, आकारान्त. एकवचनात चार रूपं पाठ केली की नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या भागातलं, काम भागतं. सोबत नामाआधी लागणारं उपपदही (इंग्रजी 'द'सारखं) बदलतं. कर्ता असेल तर 'हे थालास्सा'. षष्ठी, म्हणजे समुद्राचा-ची-चे, 'तेस थालास्सेस'. चतुर्थी 'ते थालास्से', आणि ग्रीकमध्ये सप्तमी फार पूर्वीच लोपली असल्याने 'समुद्रात' हे कामही या चतुर्थीच्याच गळ्यात पडतं. द्वितीया 'तेन थालास्सान'. शेवटचा तो 'न' म्हणजे 'मालाम्' मधल्या 'म्'चाच भाऊ. एका घराण्यातल्या दोन भाषा, एकीने म् ठेवला, दुसरीने त्याचा न् केला.

मधेच 'आ'चा 'ए' का होतो, थालास्सा पण थालास्सेस? नियम असा: शेवटच्या 'आ'च्या आधी स, क्स, प्स असा सकारी आवाज आला की षष्ठी आणि चतुर्थीच्या एकवचनात 'आ' जाऊन दीर्घ 'ए' येतो. 'ग्लोस्सा' (जीभ, भाषा) आणि 'दोक्सा' (गौरव) यांचंही तसंच. पण 'हेमेरा' (दिवस) मध्ये 'आ'च्या आधी र आहे, तिथे 'आ' टिकतो: हेमेरास. आघातही सरकतो. कर्त्याच्या रूपात जोर पहिल्या 'था'वर, थालास्सेसमध्ये 'ला'वर. शेवटचं अक्षर दीर्घ झालं की ग्रीक आघाताला तितकं मागे जाता येत नाही. आणि अथेन्सच्या बोलीत 'स्स'च्या जागी 'त्त' होता. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास अथेन्सचा लेखक-सेनानी झेनोफन याच्या भाडोत्री फौजेने डोंगरावरून काळा समुद्र पाहिला तेव्हा ओरडले ते 'थालात्ता! थालात्ता!' बायबलचं ग्रीक सर्वसामान्यांचं 'कोइने', त्यात स्सच.

ही रूपं कोरडी वाटत असतील तर मार्क ५:१३ उघडा. सुमारे दोन हजार डुकरांचा कळप कड्यावरून धावत सुटतो 'एइस तेन थालास्सान' आणि बुडून मरतो 'एन ते थालास्से'. आधी द्वितीया, मग चतुर्थी. द्वितीयेत गती आहे: समुद्राकडे, समुद्रात शिरत. चतुर्थीत स्थिती आहे: आता समुद्रात आहेत. मराठीत आपण दोन्हीकडे 'समुद्रात' म्हणू. 'समुद्रात गेली', 'समुद्रात बुडाली'. ग्रीक विभक्तीने तो क्षण फोडून दाखवतो, पाण्याबाहेरचा आणि पाण्याच्या आतला. हीच हकिगत लूक सांगतो (८:३३) तेव्हा अर्थातच डुकरं 'लिम्ने'त पडतात.

मार्क ४:१ तर शिकवणाऱ्यांसाठी वरदान. येशू शिकवायला लागतो 'पारा तेन थालास्सान', समुद्राच्या काठाकाठाने. गर्दी वाढते म्हणून तो होडीत चढून बसतो, आणि मार्क लिहितो की तो 'एन ते थालास्से' बसला, अक्षरशः 'समुद्रात बसला'. गर्दी 'प्रोस तेन थालास्सान', समुद्राकडे तोंड करून, 'एपी तेस गेस', जमिनीवर. एका ओळीत तीनदा समुद्र, तिन्ही वेळा वेगळं शब्दयोगी अव्यय. भाषेच्या दृष्टीने ओबडधोबड, पण ऐकणाऱ्याला होडी कुठे, माणसं कुठे, हे बरोबर दिसतं.

यातलं 'एपी' वादाचं मूळ आहे. मार्क ६:४८ मध्ये येशू 'एपी तेस थालास्सेस' चालत येतो. एपी अधिक षष्ठी. याचा साधा अर्थ 'समुद्रावर'. पण एपी-षष्ठीचा अर्थ 'काठी, कडेला' असाही होतो, आणि योहान २१:१ मध्ये अगदी हेच शब्द, 'एपी तेस थालास्सेस तेस तिबेरियादोस', काठावरच्या भेटीसाठी आलेत. मग काहींनी म्हटलं, येशू पाण्यावर वगैरे चालला नाही, किनाऱ्याने चालला, शिष्यांना धुक्यात नीट दिसलं नाही, बाकी सगळा घोळ व्याकरणाचा.

चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मार्कला काय सांगायचं होतं हा प्रश्न भाषेचा आहे, आणि तिथे ही वाट बंद होते. एकच ओळ आधी (६:४७) मार्क सांगतो की होडी 'समुद्राच्या मध्यात' होती आणि येशू एकटा 'एपी तेस गेस', जमिनीवर. तेच अव्यय, तीच षष्ठी, आणि तिथे 'जमिनीच्या काठी' असं कुणी वाचत नाही. योहान ६:१९ प्रमाणे शिष्य २५-३० स्तादिया, म्हणजे पाचेक किलोमीटर वल्हवत गेले होते. १३ किलोमीटर रुंद पाण्यात पाच किलोमीटर आत. किनारा कुठून आणणार? मत्तय १४:२५ मध्ये आजच्या संपादित पाठात द्वितीया आहे, 'एपी तेन थालास्सान': समुद्रावरून, अंतर कापत, त्यांच्याकडे. पुढच्याच ओळीत शिष्यांना तो दिसतो तेव्हा षष्ठी: समुद्रावर. येणाऱ्याची गती आणि बघणाऱ्याला दिसलेलं चित्र, पुन्हा विभक्तीने वेगळं केलेलं.

पण खरा पुरावा वेगळीकडे आहे. सेप्टुअजिंटमधल्या ईयोब ९:८ मध्ये देवाचं वर्णन येतं: ज्याने एकट्याने आकाश ताणलं आणि जो जमिनीवरून चालावं तसा 'एपी थालास्सेस' चालतो. 'चालणे' हे क्रियापदही मार्कने वापरलंय तेच. मार्कच्या वाचकाच्या कानात ही ओळ असेल तर तळ्याला समुद्र म्हणणं अडाणीपणा उरत नाही. लिम्नेवर चालणारा माणूस म्हणजे एक नवल. थालास्सावर चालणारा म्हणजे ईयोबने सांगितलेला 'तो'. लूकने शब्द सुधारला खरा, पण ही चालण्याची गोष्ट त्याच्या शुभवर्तमानात नाहीच, त्यामुळे त्याला हा हिशेब करावा लागला नाही.

वादळ शांत करण्याच्या प्रसंगातही (मार्क ४:३९) असंच. येशू समुद्राशी बोलतो, 'ते थालास्से', चतुर्थी, समुद्राला. काय म्हणतो? 'सिओपा, पेफिमोसो.' पहिलं म्हणजे गप्प. दुसरं क्रियापद शेतातलं आहे: मुसकं बांधणे. मळणीच्या बैलाला मुसकं घालू नको ही आज्ञा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१८) येते, तिथे हेच क्रियापद. इथे ते आज्ञार्थात आणि पूर्ण काळात आहे, जो जोड ग्रीकमध्ये फारसा दिसत नाही. 'मुसकं बांधून घे' इतकंच नाही, 'बांधलेला आहेस, तसाच राहा'. मग शिष्य म्हणतात, वारा आणि समुद्र याचं 'ऐकतो', एकवचनी क्रियापद, कर्ते दोन. मत्तयने (८:२७) ते 'ऐकतात' असं नीट केलं. मार्कच्याही पुढच्या पुष्कळ हस्तलिखितांत नकलनवीसांनी अनेकवचन करून ठेवलंय. मला मार्कचं एकवचन आवडतं. घाबरलेली माणसं कर्ता-क्रियापदाचा मेळ बघत बसत नाहीत.

ग्रीकला समुद्रासाठी शब्दांची ददात नव्हती. 'पेलागोस' म्हणजे खुला, खोल दर्या. मत्तय १८:६ मध्ये दोन्ही एकत्र येतात: 'थालास्साच्या पेलागोसात', भरसमुद्रात, बुडवणं. होमरच्या काळचा 'हाल्स' म्हणजे मीठ आणि समुद्रही. त्यावरून कोळ्याला 'हालिएउस' म्हणतात. म्हणजे गालीलच्या गोड्या पाण्यात गोल जाळं (कोकणात पाग म्हणतात तसलं) फेकणारे पेत्र आणि अंद्रिया हे शब्दाच्या मुळाने 'खारे' लोक. थालास्सापासून झालेला माझा आवडता शब्द 'दिथालास्सोस', दोन समुद्रांमधला. प्रेषितांची कृत्ये २७:४१ मध्ये पौलाचं जहाज अशाच जागी वाळूत रुततं आणि फुटतं. माल्टाचा किनारा तो.

आणि एका थालास्साशी आपलं थेट नातं आहे. प्रेषितांची कृत्ये ७:३६ आणि इब्री ११:२९ मध्ये इस्राएली लोक 'एरिथ्रा थालास्सा' ओलांडतात, तांबडा समुद्र. हिब्रूत तो 'याम सूफ', लव्हाळ्यांचा समुद्र. 'तांबडा' हे ग्रीकांचं. पण ग्रीक व्यापाऱ्यांसाठी एरिथ्रा थालास्सा मिसरजवळच्या अरुंद पट्ट्यापुरता नव्हता, थेट हिंदुस्थानापर्यंत पसरलेला होता. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेचं नावच 'एरिथ्रा थालास्साची सफर', आणि तिच्यात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. मार्क लिहीत होता त्याच शतकात, त्याच भाषेत, सोपाऱ्याचा किनारा धुणाऱ्या पाण्यालाही थालास्साच म्हणत होते.

हिब्रू आणि ग्रीकमधून थेट मराठीत बायबल आणण्याचं काम पंडिता रमाबाईंनी केडगावला केलं, १९२२ मध्ये वारल्या तोवर त्या त्यात गढलेल्या होत्या. संस्कृतात मुरलेल्या बाईंना ही आकारान्त रूपं परकी वाटली नसतील.

शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, समुद्र जवळजवळ पात्रच होतो. सिंहासनापुढे तो काचेचा आहे (४:६), त्यातून श्वापद वर येतं (१३:१), तो आपल्यातले मेलेले परत देतो (२०:१३). लिहिणारा पात्म बेटावर, चहूकडून थालास्साने वेढलेला. २१:१ मध्ये तो नवं आकाश आणि नवी पृथ्वी पाहतो आणि मग पाच शब्दांत समुद्राचा निकाल लावतो: 'हे थालास्सा ऊक एस्तिन एती.' समुद्र आता नाही. क्रियापद वर्तमानकाळी, आणि नामाला उपपद लावलेलं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला तो समुद्र. लिम्ने मात्र अजून शिल्लक आहे. सात ओळींनंतर, २१:८ मध्ये, चतुर्थीत: 'ते लिम्ने', आग आणि गंधकाने जळणारी.